बेळगाव राहण्यासाठी कसे आहे : सहा वर्षांच्या भाडेकरूचा अभिप्राय

पुण्यात सत्तावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे २०१९ च्या मे महिन्यात बेळगावला राहायला आलो आणि हिंदवाडीतल्या ज्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा सामान लावले, तेथेच अजून भाड्याने राहत आहोत. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले असल्याने हे शहर मला लहानपणापासून बाजाराचे गाव म्हणून ठाऊक होते. लग्नाचा बस्ता असो, दवाखाना असो की शाळेची पुस्तके, आमच्याकडचे लोक बेळगावच गाठत. परंतु सकाळच्या बसने येऊन संध्याकाळच्या बसने परतणाऱ्याला शहर जसे दिसते, तसे ते दरमहा भाडे मोजणाऱ्याला दिसत नाही. गेल्या वर्षभरात पुण्यामुंबईतल्या पाच-सहा नातलगांनी 'तिकडे येऊन राहावे का' असे विचारले, तेव्हा प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे ठरवले. सरकारी कागदोपत्री १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे नाव बेळगावी झाले आहे; आम्ही घरात बेळगावच म्हणतो आणि येथेही तसेच लिहीत आहे.

आधी हवेविषयी लिहिते, कारण विचारणारा प्रत्येक जण हवेवर भाळूनच विचारतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंची आणि पश्चिमेला सह्याद्रीची रांग यांमुळे येथली हवा पुण्यापेक्षा निश्चितच सौम्य आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३६ अंशांपर्यंत चढतो, पण ऊन कलले की पश्चिमेचा वारा सुटतो, आणि अधूनमधून एखाद्या संध्याकाळी ढग दाटून असा वळीव कोसळतो की रात्री पायांवर चादर ओढावी लागते. सहा उन्हाळ्यांत आम्ही एसी घेतलेला नाही आणि घेण्याची गरजही वाटलेली नाही. हिवाळ्यात कॅम्पातल्या जुन्या झाडांखालून सकाळी फिरायला गेले, तर धुके डोळ्यांच्या पातळीवर असते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या कवायतीचे आवाज माणसे दिसण्याआधीच ऐकू येतात. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपोचा परिसर तर शहराच्या मधोमध राहिलेला रानाचा तुकडाच आहे, आणि त्याच्या जवळपास घर मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

परंतु जो मे महिन्यात घर पाहून जातो आणि जूनमध्ये सामान घेऊन येतो, त्याची फसगत होते. शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे तो याहून कितीतरी अधिक असतो. आकड्यांवरून शहरातला पाऊस फार वाटत नाही, पण त्रास पावसाच्या मोजमापाचा नसून त्याच्या चिकाटीचा आहे. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पहिल्या वर्षी माझी चामड्याची पर्स कपाटात होती, ती नागपंचमीला बाहेर काढली तेव्हा तिच्यावर हिरवट बुरशीचा थर चढलेला होता. मिठाच्या बरणीत पाणी सुटते, पापड तळणीत पडण्याआधीच मऊ झालेले असतात, आणि यांचे मोजे मी फ्रिजच्या मागच्या गरम जाळीवर वाळवते, ही युक्ती शेजारच्या अक्कांनी शिकवली. त्यातून आमचे पहिलेच वर्ष म्हणजे २०१९. त्या ऑगस्टच्या महापुरात कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याचा रस्ता काही दिवस पूर्ण बंद राहिला. घर निवडताना वडगाव, शहापूरकडे बळ्ळारी नाल्याच्या बाजूची सखल जागा असेल, तर पावसाळ्यात पाणी कोठवर येते हे घरमालकाला न विचारता समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे.

एवढा पाऊस पडणाऱ्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, हे पुण्यातल्या माणसाला पटवून देणे मला अजून जमलेले नाही. शहराला दोन ठिकाणांहून पाणी मिळते. एक मार्कंडेय नदीवरचे राकसकोप धरण आणि दुसरे घटप्रभेवरचे हिडकल धरण. हिडकलचे पाणी दुरून उपसून आणावे लागते, त्यामुळे तिकडे वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की इकडच्या स्वयंपाकघरात त्याचा हिशेब लागतो. जागतिक बँकेच्या मदतीने २००८ मध्ये शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली आणि तिचे कौतुकही पुष्कळ झाले. ते वॉर्ड खरोखरच सुखी आहेत. उरलेल्या शहरात ती सोय पोहोचवण्याचे काम अद्याप चालू आहे, आणि त्यासाठी खणलेले चर आमच्या गल्लीने दोनदा बुजताना व तिसऱ्यांदा उघडताना पाहिले आहेत.

आमच्या गल्लीत पाणी साधारणपणे चौथ्या किंवा पाचव्या दिवशी, बहुधा पहाटे येते. नळ रात्रीच उघडा ठेवून खाली पितळी घंगाळ ठेवायचे; आधी नळातून हवेचा फुसफुसाट होतो, मग दोन-चार थेंब धातूवर वाजतात, आणि त्या आवाजाने जाग येते. पहिली बादली गढूळ असते, ती झाडांना. त्यानंतरचे दोन तास सम्प म्हणजे जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, पिण्याचे पिंप अशा ठरलेल्या क्रमाने जातात. जून उजाडला की बेळगावकर वर्तमानपत्रात राकसकोपची पातळी पाहू लागतो. २४७५ फूट म्हणजे धरण भरले, हा आकडा येथे शाळकरी मुलालाही पाठ असतो, आणि पाणी 'डेड स्टॉक'कडे, म्हणजे धरणाच्या तळच्या साठ्याकडे, सरकू लागले की गल्लीतल्या गप्पांचा सूर बदलतो. २०२३ मध्ये पाऊस लांबला तेव्हा आमच्याकडे एकदा नवव्या दिवशी पाणी आले. तक्रारीच्या क्रमांकावर मी चार वेळा फोन केला. चारही वेळा अत्यंत सौजन्याने 'उद्या सोडतो' असे सांगण्यात आले. शेवटी आम्हाला तारले ते इमारतीच्या आवारातल्या जुन्या विहिरीने. बेळगावच्या जुन्या भागात वाड्यावाड्यात विहिरी आहेत, आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर तर प्रसिद्धच आहे. म्हणून माझा सल्ला असा की फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आहे का हे नंतर पाहावे. आवारात विहीर आहे का, ती उपसलेली आहे का आणि तिच्यावर मोटर आहे का, हे आधी पाहावे.

अंतरांच्या बाबतीत मात्र हे शहर अजून माणसाच्या आवाक्यातले आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. आज ती वाढलेली उघड दिसते, तरीही स्कूटरवरून मी दहा-पंधरा मिनिटांत गणपत गल्लीच्या बाजारात पोहोचते, आणि ग्रंथालय, बँक, दातांचा डॉक्टर व भाजी अशी चार कामे एका सकाळीत आटोपतात. पुण्यात त्यातले एक काम आणि त्याची दमणूक असे समीकरण होते. या सुखाला खीळ घालतात ती रेल्वेची फाटके. टिळकवाडीत ती पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट अशाच नावांनी ओळखली जातात आणि पत्ता सांगतानाही तीच खूण दिली जाते. दुसऱ्या गेटवर फाटक पडले की दोन्ही बाजूंना दुचाक्या रस्त्याच्या पूर्ण रुंदीत पसरतात, आणि फाटक उघडल्यावर दोन फौजा समोरासमोर आल्यासारखा प्रसंग उद्भवतो. स्मार्ट सिटी योजनेच्या २०१६ च्या पहिल्याच यादीतील वीस शहरांत बेळगावचे नाव होते. त्यातून काही रस्ते आणि उद्याने खरोखर चांगली झाली, काही पदपथ मात्र एवढे उंच बांधले गेले की माझ्या वयाची माणसे रस्त्यावरूनच चालतात.

बाहेरगावी जाण्याची सोय पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. पुणे-हुबळी वंदे भारत येथे थांबते आणि ऑगस्ट २०२५ पासून बंगळूरला जाणारी वंदे भारत येथूनच सुटते. सांबरा विमानतळाला २०१७ मध्ये नवी इमारत मिळाली, पण विमानसेवा वाढते तशी आटतेही, तेव्हा तिच्या भरवशावर घर घेऊ नये. चोर्ला घाटाने गोवा आणि आंबोलीमार्गे सावंतवाडी, दोन्हीकडे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येते. शहरातल्या बसमध्ये जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना तिकीट नाही. मला त्याचा लाभ होतो, मात्र बसायला जागा मिळेल असे गृहीत धरू नये. रिक्षा मीटरने चालत नाहीत, आणि भाडे आधी ठरवले नाही तर ते उतरल्यावर ठरते.

बाजाराबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण येथे राहण्याच्या बाजूने पारडे झुकवणारी ती गोष्ट आहे. कडोली, कंग्राळी, बेळगुंदी, उचगाव या भागांतून बायका सकाळी भाजी घेऊन येतात, आणि शनिवारच्या बाजारात तर रस्त्याच्या कडेला पाय ठेवायला जागा नसते. मेथी जुडीने नव्हे, पेंडीने मागायची, पुण्याच्या सवयीने मी पहिल्या वेळी जुडी म्हणाले, तर समोरची बाई हसून म्हणाली, "पेंडी म्हणा की वो काकू, सकाळी काढलंय, माती बघा अजून वली हाय." माती खरोखरच ओली होती. पावसाळा सरला की तालुक्यातली रताळी येतात, उन्हाळ्याच्या अखेरीस जांबोटी-खानापूरकडून पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे येतात, आणि शहापूर-वडगावच्या शिवारातला बासमती तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला, तर भात शिजताना जिन्यापर्यंत वास येतो. ती पिकाऊ जमीन बायपास रस्ते आणि प्लॉट यांच्याखाली जात असल्याने असा शेतकरी दरवर्षी शोधावा लागतो. आमच्या ओळखीच्या दोघांपैकी एकाने पेरणी थांबवली आहे. कुंदा ही दुधाची मिठाई आणि मांडे या पातळ गोड पोळ्या, यांविषयी पाहुणेच जास्त बोलतात. कुंदा ताजा आणि थोडाच घ्यावा, गावी न्यायचा असेल तर निघण्याच्या दिवशीच घ्यावा. मांडे मात्र लग्नसराईत, खापरावर भाजताना एकदा समोर बसून पाहावेत, कारण पुरणपोळी लाटणाऱ्या हातांनाही ते काम सहजासहजी साधत नाही.

दवाखान्यांच्या बाबतीत तक्रार नाही. केएलईचे मोठे रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय शहरातच आहे, आणि चंदगड, सिंधुदुर्ग, गोव्याकडचे रुग्णही येथे येतात. यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया येथेच झाली आणि ती उत्तम झाली.

आता भाषेविषयी, कारण ते टाळून बेळगावचा अभिप्राय लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. घर, शेजार, बाजार, देऊळ, रिक्षा, दवाखाना येथे मराठीत सगळे व्यवहार होतात आणि शेजारच्या कन्नडभाषक अक्का माझ्याशी ज्या सहजतेने मराठी बोलतात, त्याच्या निम्म्या सहजतेने मला कन्नड बोलता येत नाही, याची मला लाज वाटते. अडचण सरकारी कार्यालयाच्या खिडकीपाशी येते. आम्ही आल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका सरकारी कार्यालयात साधा पत्ताबदलाचा अर्ज भरायचा होता. अर्ज केवळ कन्नडमध्ये होता आणि मराठीत किंवा इंग्रजीत मिळेल का असे विचारल्यावर कारकुनाने माझ्याकडे न पाहता पुढच्या माणसाला हाक मारली. रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने तो अर्ज वाचून दाखवला आणि माझ्याकडून विचारून भरूनही दिला. ती कन्नडभाषक होती. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे तेथे त्यांच्या भाषेतही कागदपत्रे मिळावीत, ही मागणी येथे जुनी आहे आणि ती पदरात पडेपर्यंत नव्याने येणाऱ्याने कन्नड अक्षरे शिकून घ्यावीत, हे मी व्यवहार म्हणून सांगते. मी शिकले, बसची पाटी आणि विजेचे बिल वाचण्याइतपत सहा आठवड्यांत जमते. २०२४ च्या कायद्यानुसार दुकानांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, त्यामुळे या अक्षरओळखीचा उपयोग आता अधिकच होतो.

सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि नागरिकाच्या दैनंदिन आयुष्यात तो बहुतेक दिवस दिसत नाही. परंतु ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी सर्वप्रथम बस थांबतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे झाले तेव्हा मला माहेरी भाचीच्या साखरपुड्याला जायचे होते. सीमेच्या अलीकडच्या बाचीपर्यंत रिक्षा, तेथून पलीकडच्या शिनोळीपर्यंत पायी आणि पुढे वडापने, म्हणजे खासगी वाहतुकीच्या गाडीने, असा प्रवास मी हातात साडीची पिशवी घेऊन केला. एरवी तासाभराची वाट होती. डिसेंबरात येथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की हॉटेले भरतात आणि रस्त्यांवर बंदोबस्त वाढतो. ज्यांच्या घरी तेव्हा लग्नकार्य असेल त्यांनी पाहुण्यांच्या खोल्या दिवाळीआधीच ठरवाव्यात.

वाचणाऱ्या माणसाला हे शहर कंटाळू देत नाही. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची आहे, आणि तेथे दुपारी टेबलावर वर्तमानपत्रे पसरून बसलेली माणसे एकमेकांना पान उलटण्याच्या आवाजावरून ओळखतात, असे हे म्हणतात. थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडीत लेझीम घेतलेली मुले आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका असतात, आणि दुपारचे वक्ते बोलत असताना मंडपात बसलेल्या शेतकऱ्यांतला कोणीही उठून जात नाही. पुण्यातल्या व्याख्यानमालांत मला असा श्रोता दिसला नव्हता. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेशविसर्जन या दोन रात्री शहर झोपत नाही. जुन्या पेठेत घर घेणाऱ्याने त्या दोन रात्रींच्या ध्वनिक्षेपकांचा विचार करावा. आमच्या काचा कपिलेश्वर तलावापासून लांब असूनही थरथरतात.

एक उणीव मात्र अशी आहे की तिच्यावर विहीर, सम्प किंवा अक्षरओळख यांचा उपाय चालत नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण शिकून झालेल्या मुलांना पुरेल एवढे काम नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, तेथे हातात कौशल्य असलेल्याला काम मिळते. संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा बहुधा बंगळूर किंवा पुण्याला जातो. रविवारी रात्री नऊनंतर खासगी बस जेथून सुटतात तेथे एकदा उभे राहावे. प्रत्येक मुलामागे आई किंवा वडील असतात, हातात डब्याची पिशवी असते, आणि बस हलल्यावर स्कूटर लगेच सुरू होत नाही. आमच्या इमारतीतल्या आठ बिऱ्हाडांपैकी सहांची मुले बाहेर आहेत. म्हणून पंचविशीतल्या जोडप्याने विचारले तर मी 'आधी नोकरीचे पत्र हातात घ्या' असे सांगते. साठीतल्याने विचारले तर घर पाहायला बोलावते, पण मे महिन्यात नव्हे.

माझ्या नणंदेला मी हेच सांगितले. वन्सं आणि भावोजी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन इकडे येण्याच्या विचारात आहेत, आणि वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड रिकामे झाले आहे. गेल्या जुलैत ती दोघे आठ दिवस राहून गेली. त्यांतले सहा दिवस सूर्य दिसला नाही आणि पाणी दोनदा आले, दोन्ही वेळा पहाटे. तिसऱ्या दिवशी भावोजींनी ओला टॉवेल इस्त्रीने वाळवला. वन्सं शनिवारच्या बाजारातून तीन पेंड्या मेथी आणि न पेलवण्याइतकी रताळी घेऊन आल्या, आणि अक्कांनी दिलेली चटणीपूड त्यांनी पुण्याला नेली. निघण्याच्या सकाळी वरचा फ्लॅट पाहताना त्या बाल्कनीत क्षणभरच थांबल्या. मोरीत मात्र बराच वेळ उभ्या राहून पिंपासाठी जागा किती आहे ते त्यांनी वितीने मोजले. होकार अजून कळवलेला नाही. परवा फोनवर त्यांनी विचारले, "वहिनी, गच्चीवरची वरच्या फ्लॅटची टाकी वेगळी आहे का, आणि किती लिटरची?" ते पाहायला मी यांना आत्ताच वर पाठवले आहे.